एक जूनचा वाढदिवस

आमच्या सरांना मागून हाक मारली तर ते वळत नसत. बाजारात कुणी "ओ सर" म्हणून ओरडलं की ते जागच्या जागी थांबायचे, एक हात वर करायचे आणि हाक मारणारा वळसा घालून समोर येईपर्यंत तसेच उभे राहायचे. चालता चालता किराण्याचं दुकान मागं पडलं, तर परत फिरायचं नाही. गल्लीच्या टोकाला लिंबाचं झाड होतं, तिथवर जायचं, खोडाला हात लावायचा आणि मग मागं यायचं. सायकल त्यांनी कधी घेतली नाही, कारण सायकलवाल्याला मागं बघावं लागतं. जळगाव जामोदला नव्यानं बदलून आलेल्या माणसाला हा गृहस्थ चक्रम वाटायचा. जुन्यांना सवय झाली होती. ज्यांनी खो-खो खेळला आहे त्यांना मात्र कळायचं, की हा माणूस मैदानावरून घरी गेलेलाच नाही.

खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की त्याला मागं वळता येत नाही. खांबापर्यंत जावंच लागतं. सरांनी हा नियम मैदानापुरता ठेवला नाही, एवढाच काय तो त्यांचा वेडेपणा.

ते गेल्या वर्षी गेले. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि पुढं जे सांगायचं आहे त्यात माझंही नाव मी घालणार नाही.

नोकरीनं ते शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. काचेच्या नळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवायच्या, बेडूक कापायच्या दिवशी मुलींना धीर द्यायचा. शाळेला क्रीडाशिक्षक वेगळे होते, पण त्यांनी खो-खोचं सगळं सरांच्या गळ्यात घातलं होतं आणि स्वतः सह्या करण्यापुरते उरले होते. सर बुटके, सुकलेले, गुडघे गाठींसारखे. पुढं बोटांना टोचतं म्हणून कॅनव्हासच्या बुटाची टोकं कापून टाकलेली. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. चर्चशेजारच्या मोकळ्या जागेत त्यांनी सागाचे दोन खांब पुरले होते आणि दर शनिवारी ते पॉलिशपेपरनं घासत, खांब धरून वळताना पोरींच्या हातांत कुसळ घुसू नये म्हणून.

मैदान सगळ्यांचं होतं. हिंदू पोरी होत्या, मुसलमान होत्या, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या चौघी होत्या. त्यांच्यापुढं सरांनी कधी धर्माचा शब्द काढला नाही. तो रविवारच्या शाळेत, आणि फक्त आम्हाला. पण बोलायचे दोन्हीकडं तेच, त्यामुळं आम्हा चौघींना आठवडाभर एकच धडा दोनदा मिळायचा.

मंडळीत ते वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, म्हणून निवडलेले, शिवाय सेक्रेटरी. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, मयताची वही, सगळ्या त्यांच्या अक्षरात. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणताना 'मोहात पडू देऊ नकोस' ही ओळ आली की सर थांबायचे. एक श्वास जास्त घ्यायचे, मग पुढं. त्यामुळं शेवटचं आमेन सगळ्यांचं झाल्यावर त्यांचं एकट्याचं यायचं. लहानपणी आम्ही त्या एकट्या आमेनची वाट बघत तोंड दाबून हसायचो. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "त्या ओळीवरून मले पळत जाता येत नाही, बाई. तुमाले येत असीन."

खो-खोत सगळ्यात अवघड काय, असं नव्या मुलीला ते विचारत. पळणं, सूर मारणं, हुलकावणी देणं, असली उत्तरं यायची. सर मान हलवायचे. "बसनं," म्हणायचे. चवड्यांवर, एक हात जमिनीला टेकवून, समोरून पळणारी हाताला लागेल इतकी जवळून गेली तरी बसून राहायचं. पाठीवर थाप पडून कानात खो आल्याशिवाय उठायचं नाही. याची तालीम ते मैदानावर घेत नसत. बाजाराच्या दिवशी आम्हाला रांगेनं आठवडी बाजारात नेत आणि भज्यांच्या कढईसमोर, गर्दीच्या पायांत, चवड्यांवर बसवत. मिरचीची भजी तळली जातायत, तो वास नाकात, तो घाणा झाऱ्यातून परातीत पडताना दिसतोय, येणारेजाणारे हसतायत, आणि आम्ही नऊ जणी बसलेल्या. दहा मिनिटं झाली की सर एकेकीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणत, आणि उठलेल्या पोरीच्या हातात भज्यांचा कागद देत.

"भजी काई पाप नोहे," ते म्हणायचे. "खो भेटाच्या आधी उठनं हे पाप. देवानं जे ठेवलं हाये ते तुलेच भेटीन. पन तुहा नंबर आल्यावर."

भजीवाला त्यांना ओळखायचा. आम्ही बसलो की मुद्दाम झारा आपटायचा.

दुसरा धडा मागं उभ्या राहणारीचा. चांगली पळणारी पोरगी दूर पळत नाही. ती येऊन तुमच्या पाठीशी, दीड हातावर उभी राहते आणि हसते. वळलात तर धरलीच, असं वाटतं. निम्मं अंग वळतंही. आणि पंचांची शिट्टी वाजते. सर सांगत, "दीड हातावर हाये म्हनून ते तुही नाही झाली. तुले तिकडे जाताच येत नाही. जिचं तोंड तिकडे हाये तिले खो दे, ते धरीन." हेच रविवारच्या शाळेत असं व्हायचं, की मोह समोरून येत नाही, मागून येतो, आणि त्याला एकट्यानं धरायला जाल तर वळाल. "ज्याचं तोंड त्या बाजूनं हाये त्याले सांगा. मंडळी कायले असते मंग? गानं म्हनाले?" चर्चमध्ये सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात हे त्यांना पटत नसे. एका रविवारी त्यांनी आम्हा पोरांना एकाआड एक उलटं बसवलं होतं. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, तर निम्मी पोरं त्यांच्याकडं पाठ करून दाराकडं बघत होती. दाराशी चपला काढणाऱ्या म्हाताऱ्या बावरल्या. पाळकसाहेबांनी सरांकडं बघितलं, सरांनी छताकडं.

आणि तिसरा धडा फाउलचा. तो ते फार हळू आवाजात सांगत. फाउल झाला म्हणजे खेळ संपला नाही, तुम्ही बाद झाला नाहीत. शिट्टी ऐकली की लगेच उलट्या दिशेनं निघायचं. "अन् फाउल करून जिले हात लावला तिले सोडून द्याचं. ते धरल्या गेली असं कोनी धरत नाही. ते तुमी धरलीच नाही." सामन्याआधी आम्ही हात जोडायचो तेव्हा जिंकण्याचं मागायला बंदी होती. समोरच्या पोरीही कोणाला तरी तेच मागत असतील, मग देवानं काय नाणेफेक करायची का, असं ते विचारत. आमची प्रार्थना एका वाक्याची असायची. आमचा फाउल पंचांच्या आधी आम्हाला दिसू दे.

मी अकरावीत होते त्या वर्षी आमचा सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ अमरावतीला विभागीय स्पर्धा जिंकला. असं कधी झालं नव्हतं. आता राज्याला जायचं. बारा जणींची यादी नव्यानं पाठवायची होती आणि अकरा नावं ठरलेली होती. बाराव्या जागेला आम्ही दोघी. एक मी, मंडळीतली, वडील नसलेली, आई अंगणवाडीत. दुसरी सोनाळ्याची. ती शेतकऱ्याची मुलगी, शिकायला मामाकडं राहायची, आणि सगळे तिला गावाच्या नावानंच हाक मारत. अमरावतीला माझा घोटा मुरगळला तेव्हा तीच माझ्या जागी उतरली आणि तिनं शेवटच्या डावात सूर मारून दोघींना धरलं.

मला जायचं होतं.  राज्याला खेळलेल्या मुलीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात राखीव जागा मिळते, तिथून नोकरी. आईनं मला एवढंच म्हटलं होतं, की अंगणवाडीच्या पुढं जा. घोट्याला पट्टी बांधून मी रोज मैदानावर यायचे आणि दुखत नाही असं दाखवायचे.

यादी लागली, तिच्यात मी होते. सोनाळ्याची सरांकडं गेली. मी खांबाशी पट्टी आवळत बसले होते, सगळं ऐकू येत होतं. "सर, मी कुठी कमी पडली?" तिनं विचारलं. भांडायला नाही, खरंच कळून घ्यायला. सरांनी तिच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "तुहे पाय जरा जड हायेत, बाई." ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात नोव्हेंबरमधला माझा वाढदिवस आला. आमच्या मंडळीत उपासनेच्या शेवटी त्या आठवड्यातल्या वाढदिवसांची नावं वाचतात, अमक्याला इतकी वर्षं पूर्ण, आणि त्यांना पुढं बोलावून सगळे प्रार्थना करतात. वाचायचं काम सरांचं. त्या रविवारी मी नवा ड्रेस घालून कडेला बसले होते. सरांनी कागद उघडला, एक म्हातारे वाचले, एक बाळ वाचलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. आईनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, विसरले असतील. सर नाव विसरतील हे आम्हा दोघींनाही पटलं नाही, पण आम्ही तसं धरून चाललो.

राज्याला आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. तरी प्रमाणपत्र मिळालं आणि त्यावर पुढं सगळं झालं. कॉलेजात जागा मिळाली, मग मोताळ्याच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी. सुटीला घरी यायचे तेव्हा आई एक गोष्ट सांगायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सर वडील म्हणून भाकरीची थाळी घेऊन ओळीओळीनं फिरतात. सगळ्यांना देतात, आणि स्वतः न घेता थाळी परत टेबलावर ठेवतात. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाले, "सद्या नाही." हे "सद्या" सहा वर्षं चाललं. लोकांनी तेही त्यांच्या वळत नसण्यात जमा केलं.

माझं लग्न ठरलं. चर्चमध्ये लग्न लावायचं तर बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. जानेवारीतल्या एका दुपारी मी चर्चच्या मागच्या खोलीत गेले. सरांनी जुनी वही काढली, चष्मा पुसला, माझं पान उघडलं आणि वही माझ्याकडं फिरवली.

"जन्मतारीख वाच."

मी वाचली.

"अन् शाळेत कोनती हाये?"

मी हसले. शाळेत माझी जन्मतारीख एक जून, तीही पुढच्या सालची. आजोबा मला घेऊन शाळेत गेले तेव्हा दिवाळीनंतरची पोरगी आहे, एवढंच त्यांना आठवलं. कोणत्या दिवाळीनंतरची, हे विचारत बसायला गुरुजींना वेळ नव्हता. त्यांनी एक जून टाकली. नोकरीत सात महिने जास्त मिळतील, असंही म्हणाले म्हणे. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला होता.

"मंग राज्याच्या टायमाले तुले किती पूर्ण होते?"

"सोळा," मी म्हणाले. मग वहीकडं बघितलं. माझं हसू गेलं. "सतरा."

"त्या रविवारच्या कागदावर मीनंच लिहिलं होतं. सतरा वर्षं पूर्ण. तुह्या नावावर पोहचलो अन् मले दिसलं. सतराच्या आतली टीम अन् सतरा पूर्ण. यादी जाऊन दोनच दिवस झाले होते, बदलता येत होती. समोर तुही माय बसली होती, लुगडं नीट करून. मी कागद घडी केला."

"सर, एक जून सगळ्यांचीच असते. कागदावर मी सोळाचीच होते. कोणी विचारलंसुद्धा नसतं."

"कोनी इचारलं असतं तं मी सांगतलंच असतं, बाई. कोनीच नाही इचारलं. तथीच तं पडलो."

 ते पुढं बोलले, वहीकडं बघत. "अन् त्याच्याही आधी पडलो होतो. सोनाळ्याच्या पोरीचे पाय जड नव्हते. तुह्या घोट्याले सूज होती, मले दिसत होती. पन आपल्या मंडळीतली एक पोरगी राज्याले जाईन, हे माह्या डोक्यात बसलं. मागं वळलो. अन् वळलो ते लपवाले तिच्या पायाले नाव ठेवलं. तिले जाऊन सांगाचं हाये. पन त्यात तुहं नाव येते. तू हो म्हनसीन तं जाईन. नाही म्हनसीन तं नाही जानार."

"नको," मी म्हणाले. जरासुद्धा थांबले नाही. "आता कशाला उकरून काढायचं?"

"बरं," सर म्हणाले. त्यांनी दाखला लिहिला, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि माझ्या हातात दिला. "सुखी राह्य."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. लग्न तोंडावर, नोकरी नवी, सासरचे लोक अजून नीट ओळखीचे नाहीत, आणि हा माणूस सहा वर्षांपूर्वीचा कागद उलगडून बसतो. चूक गुरुजींची, गुरुजी केव्हाच वारलेले. मला काय माहीत होतं? हे मी घरी जाईपर्यंत दहा वेळा म्हटलं. अकराव्यांदा म्हणता येईना. घरी मी दर नोव्हेंबरात वर्ष मोजत होते आणि शाळेत दर जूनमध्ये. दोन्ही आकडे माझ्याच डोक्यात होते. मी ते कधी एकमेकांशेजारी ठेवले नाहीत, कारण न ठेवण्यात माझा फायदा होता. आकडे मला दिसत नव्हते असं नाही. मी त्यांच्याकडं पाठ करून बसले होते.

फेब्रुवारीचा पहिला रविवार. मी आईशेजारी बसले होते. सर थाळी घेऊन आमच्या ओळीत आले. आईनं भाकरीचा तुकडा घेतला. थाळी माझ्यापुढं आली. ज्याचं काही बिघडवलंय त्याच्याशी आधी मिटवायचं आणि मगच ही भाकर घ्यायची, हे रविवारच्या शाळेत शिकवलेलं; तरी इतकी वर्षं मी न बघता हात पुढं करत आले होते. त्या दिवशी हात मांडीवरून उठेना. घे, सगळे बघतायत, असं मी स्वतःला सांगितलं. घेतला असता तर कोणाला काहीही कळलं नसतं. लहानपणापासून मोहावर इतकं ऐकलं होतं, पण तो भाकरीच्या तुकड्याच्या रूपानं येईल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तो तुकडा उचलायचा आणि सगळं ठीक आहे असं दाखवायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. मी मान हलवली.  सर थाळी धरून क्षणभर थांबले आणि पुढं गेले.

उपासना संपल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "सर, सोनाळ्याची गाडी किती वाजता असते?"

"साडेअकराले," ते म्हणाले. विचार करावा लागला नाही. सहा वर्षं ते वेळापत्रक त्यांच्या तोंडात होतं.

त्या प्रमाणपत्राचं काय झालं ते आधी सांगून टाकते. पुढं मी एक अर्ज लिहून ते परत करायला जिल्हा क्रीडा कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, द्याचे अर्ज येतात. वापस घ्याचा रकानाच नाही आमच्याकडं," ते म्हणाले, आणि अर्ज मात्र फाइलला लावून घेतला. माझ्या मुख्याध्यापकांनाही लेखी कळवलं. ते हसले. म्हणाले, माझीही एक जूनच आहे, सोडा. नोकरी राहिली. नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं, तोही राहिला. मी ज्याला एवढी घाबरले होते त्यातलं काहीच झालं नाही, पण होणार नाही हे माहीत नसताना मी बसमध्ये चढले, याचा मला आजही आधार वाटतो. पुढच्या महिन्यात सरांनी सहा वर्षांनी भाकर घेतली आणि मीही घेतली. पण आम्हाला ती घेता आली ती सोनाळ्याच्या त्या अंगणामुळं, म्हणून तेच शेवटी सांगते.

बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. खिडकीतून संत्र्यांच्या बागा जात होत्या, पलीकडं सातपुडा. सोनाळ्याला उतरून दोन ठिकाणी विचारलं आणि घर सापडलं. ती अंगणात सूप घेऊन तुरी पाखडत होती. अंगानं भरली होती, पण उठली ती तशीच, एका झटक्यात. "सर? अन् तू?" तिनं पदरानं बाज पुसली. सरांच्या पाया पडायला वाकली तर ते मागं सरले.

"बसा ना सर."

"उभाच राह्यतो. बसाले नाही आलो." त्यांनी दोन्ही हात पाठीमागं धरले होते, वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखे. "मी तुह्याशी खोटं बोललो होतो. तू इचारलं होतं कुठी कमी पडली. मी म्हनलं पाय जड हायेत. नव्हते जड. त्या जागेवर तुहा हक्क होता. हिचं वय बसत नव्हतं, पायही सुजला होता. मले दोन्ही ठाऊक झालं होतं. तरी मी हिले नेलं."

सूप तिच्या हातात तसंच होतं. घरातून सासूच्या भांड्यांचा आवाज येत होता. 

"मंग मी कमी नव्हती?"

"नाही. मी कमी पडलो."

"सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "मी त्या दिवसापासून धावली नाही. मामानं इचारलं, खेळत काऊन नाही वं, तं मी म्हनलं माहे पाय जड हायेत. लग्नात इचारलं, खेळत होती म्हने, मी म्हनलं होती, पन पाय जड. माही पोरगी पळते तं मी तिलेही म्हनते, नोको पळू, आपल्या घरचे पायच जड. सर, हे मीच सांगत फिरली. सहा वर्सं मीच."

सर खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी क्षमा कर असं म्हटलं, पण ते मला ऐकू आलं नाही, फक्त ओठ हलले. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुले ठाऊक होतं?"

नाही म्हणायला किती सोपं होतं. सरांनी सगळं स्वतःवर घेतलंच होतं, आणि ते माझ्याकडं बघतही नव्हते.

"मोजलं नव्हतं," मी म्हणाले. मग म्हणाले, "मोजायचं टाळलं. आणि सर तुला पाय जड म्हणाले तेव्हा मी तिथंच बसले होते. मला बरं वाटलं होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता सूप फेकून मारेल. मारलं असतं तर मी हलले नसते. मी म्हटलं, ते प्रमाणपत्र मी परत करणार आहे.

"तुह्या कागदाचं मी काय करू?" ती म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं, डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि घराकडं तोंड करून हाक मारली, मैदानावर मारायची तशी, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

"आत्याबाई! बाहीर या! हे माहे सर होत. पाहा काय सांगून राह्यले! मी राज्याच्या टीममदी निवडल्या गेली!"

सासू ओले हात झटकत दारात आली. एकदा सुनेकडं, एकदा आम्हा दोघांकडं बघितलं.

"कवा वं?"

"आत्ताच," ती म्हणाली.